पाय दुखतोय, पळू की नको? नवीन पळणाऱ्यांसाठी जरा सविस्तर

दर पावसाळ्यात आमच्या पुण्यातल्या तळजाई टेकडीवरच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपात नवीन मंडळी येतात, कुणी साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे घाटातली हाफ मॅरेथॉन, भरलेली असते, कुणाच्या मनात जानेवारीतली टाटा मुंबई मॅरेथॉन असते, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हमखास एकच प्रश्न येतो, ताई पाय दुखतोय, पळू की नको. एका शब्दात उत्तर देता येत नाही म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही, ऑफिस आणि घर सांभाळून पळणारी बाई आहे, पण टाचेमागच्या दुखण्याने माझं जवळजवळ सगळं एक वर्ष घेतलं आणि त्यातले निम्मे महिने फक्त चुकीच्या गोष्टी केल्यामुळे गेले. ते तुमचे जाऊ नयेत एवढंच.

सगळ्यात आधी: अंग दुखतंय की दुखापत आहे ते ठरवा

दोन्हीला आपण मराठीत "दुखतंय"च म्हणतो, त्यामुळे घोळ होतो.

अंग दुखणं म्हणजे पाय भरून येणं. रविवारी लाँग रन झाला, रविवारी संध्याकाळी ठीक वाटलं आणि सोमवारी सकाळी जिना उतरताना मांड्या नको म्हणतात, मंगळवारी त्याहून जास्त. हे दुखणं साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, १ ते ३ दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्याच्या आत निघून जातं. दोन्ही पायांना असतं, बोट ठेवून नेमकी जागा दाखवता येत नाही, अख्खी मांडी किंवा अख्खी पोटरी दुखते. थोडं चाललं की मोकळं वाटतं. याला डॉम्स म्हणतात, म्हणजे उशिरा सुरू होणारं स्नायूंचं दुखणं.

दुखापतीचं तसं नसतं. ती बहुतेक वेळा एकाच पायाला असते, एका बोटाने दाखवता येते, "हे बघा, इथे", आणि आठवडा उलटला तरी तिथेच असते. पुढच्या रनला परत, त्याच्या पुढच्या रनला थोडी लवकर.

म्हणजे स्वतःला तीनच प्रश्न विचारायचे: एक पाय की दोन, जागा बोटभर की हातभर, आणि तिसऱ्या दिवसानंतर कमी होतंय की नाही. एकच पाय, बोटभर जागा आणि कमी होत नाही असं असेल तर ती दुखापत धरून चाला, भले ती छोटी का असेना.

नुसतं अंग दुखत असेल तर

हे लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे होतं असं अजून सगळीकडे सांगतात, ते डोक्यातून काढून टाका. पळताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट थांबल्यावर तासाभरात परत जागेवर येतं, ते दोन दिवसांनी दुखायला उरतच नाही. थिओडोर हफ नावाच्या संशोधकाने १९०२ सालीच लिहिलं होतं की हे दुखणं स्नायूच्या आत काहीतरी बारीक तुटल्याचं असावं, आणि आजही समज त्याच दिशेची आहे, स्नायूच्या धाग्यांना सूक्ष्म इजा आणि ती दुरुस्त होताना येणारी सूज.

ही इजा सगळ्यात जास्त कधी होते माहितेय का, स्नायू ताणला जात असताना त्याला जोर लावावा लागतो तेव्हा. म्हणजे उतारावर. साताऱ्याला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. निम्मं अंतर यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेला बहुतेक चढच, तिथे दम लागतो, सगळी तयारी आपण त्या चढाची करतो, आणि मग वळून तोच घाट उतरायचा असतो. उतरताना श्वास मजेत चालतो म्हणून लोक सुटतात, पण प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक मारत असतो. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना दोन्ही हात टेकवावे लागतात ते चढामुळे नाही, उतारामुळे.

चांगली गोष्ट अशी की शरीर हे लक्षात ठेवतं. एकदा बेताचा उतार पळून पाय दुखले की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला ते तितके दुखत नाहीत. म्हणून स्पर्धेच्या आधी २-३ वेळा मुद्दाम उतार पळा, छोटी पावलं टाकत, शेवटचा मात्र स्पर्धेच्या किमान दोन आठवडे आधी.

बाकी उपाय काय? झोप. खरंच झोप, ७-८ तास. आणि खाणं, कारण आपल्या ताटात पोळी-भात भरपूर पण प्रोटीन कमी पडतं. लांब पळणाऱ्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. एका वाटी वरणात ६-७ ग्रॅम, दोन अंड्यांत १२, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. एकदा वहीत मांडून बघा, मी मांडलं तेव्हा ४० च्या पुढे जात नव्हते. तेव्हापासून सकाळी मोडाची उसळ आणि रात्री दही वाढवलं.

हलकं चालणं, हलकी सायकल, गरम पाण्याची आंघोळ, फोम रोलर, हलक्या हाताने तेल, यांनी बरं वाटतं तर जरूर करा. ताणून ताणून स्ट्रेचिंग केल्याने मात्र हे दुखणं फारसं कमी होत नाही, आणि भरलेल्या पायांनी जोरात पळून "मोकळं करायचा" प्रयत्न तर करूच नका, तेव्हा ताकद खरोखर कमी झालेली असते आणि चाल बिघडते.

या गोष्टी दिसल्या तर पुढचं वाचू नका, आधी डॉक्टरकडे जा

लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली आणि स्नायू प्रचंड सुजलेत, दुखतायत: स्नायू तुटून त्यातलं प्रोटीन रक्तात उतरलेलं असू शकतं, किडनीचा प्रश्न असतो, त्याच दिवशी हॉस्पिटल.

पळताना टाचेमागे कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, कट् आवाज झाला आणि पंजावर उभं राहता येत नाही: अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारी दोरी, तुटलेली असू शकते.

एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, विशेषतः लांबच्या विमान किंवा बस प्रवासानंतर: रक्ताची गुठळी असू शकते, तिथे मालिश अजिबात नको.

नडगीवर, पावलाच्या वरच्या हाडावर किंवा जांघेत एका ठिकाणी ठणका, रात्री झोपेतसुद्धा दुखतं, त्या पायावर एक उडी मारली की कळ येते: हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे साफ दिसू शकतो, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर परत पळायला लागू नका, एमआरआय लागेल का ते विचारा. आणि मैत्रिणींनो, पळणं वाढवल्यावर पाळी अनियमित झाली किंवा बंद झाली असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. याचा हाडांशी सरळ संबंध आहे, खाणं कमी पडतंय याची ती खूण असते. आपल्याकडे बायका हे सांगत नाहीत, तर सांगा.

आता ते चिवट दुखणं

यातलं काहीच नाही, पण एकाच जागी महिनाभर कुरकुर चालूच आहे, थांबतही नाही आणि पूर्ण अडवतही नाही, असं दुखणं सगळ्यात फसवं. मी अकिलीसचं सांगते कारण तेच मला माहितेय, गुडघ्याखालच्या कंडरेलाही तत्त्व बरंचसं हेच लागू होतं. अकिलीसला सगळे नस म्हणतात पण ती नस नाही, पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी जाड दोरी आहे, कंडरा. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाश बिघडते आणि सावकाशच सुधारते.

माझं असं झालं की आठवड्याचे २५ किलोमीटर मी तीन आठवड्यांत ४५ वर नेले आणि वर दर शनिवारी आतकरवाडीतून सिंहगड. चौथ्या आठवड्यात सकाळी पलंगावरून उतरल्यावर उजव्या टाचेच्या वर चार बोटांवर आखडल्यासारखं. पलंगापासून ओट्यापर्यंत माझ्या घरात १४ पावलं आहेत, सुरुवातीला पाचव्या पावलाला मोकळं व्हायचं, मग ओट्यापर्यंत लंगडत, मग चहा उकळेपर्यंत. पळायला लागलं की पहिला एक किलोमीटर दुखायचं आणि नंतर गायब. या गायब होण्यानेच घात केला. वाटायचं, गरम झालं की जातंय ना, म्हणजे किरकोळ आहे. सात आठवडे तशीच पळाले. मग घाबरून पाच आठवडे पूर्ण आराम केला, दुखणं गेलं, आनंदाने ५ किलोमीटर पळाले आणि तिसऱ्या सकाळी परत तेच.

तेव्हा फिजिओने समजावलं ते आयुष्यभर पुरेल. आरामाने दुखणं कमी होतं पण कंडरा आणखी कमजोर होते, तिला काम पाहिजे, फक्त झेपेल तेवढं आणि रोज थोडं वाढत जाणारं. दुखतंय म्हणून पूर्ण बंद, बरं वाटलं की एकदम सगळं, या झोक्यात वर्षं जातात.

रोज सकाळी एक आकडा लिहा

उठल्यावर पहिल्या दहा पावलांना किती दुखलं, ० ते १०. मी कालनिर्णयवर लिहायचे, दुधाच्या हिशोबाच्या चौकोनातच वरच्या कोपऱ्यात. सासूबाई विचारायच्या, "अगं, आज दूध तीन लिटर कसं गं घेतलं?" पण त्याच आकड्याने मला बाहेर काढलं, कारण आदल्या दिवशी जास्त झालं की नाही हे कंडरा त्याच वेळी सांगत नाही, दुसऱ्या सकाळी सांगते.

नियम असा: व्यायाम किंवा पळणं चालू असताना दुखणं ३ पर्यंत असेल तर चालेल, पण दुसऱ्या सकाळचा आकडा रोजच्यापेक्षा वाढलेला नको. वाढला तर कालचं जास्त झालं, दोन दिवस एक पायरी खाली. शून्य यायची वाट बघत बसायचं नाही, थोडं दुखणं चालतं, हे पचायला मला वेळ लागला.

काय कमी करायचं, काय चालू ठेवायचं

स्पीडवर्क (वेगाने पळायचा सराव), उड्या, चढ, टेकडी हे आधी बंद. सपाटीवर हळू पळताना ३ च्या आत राहत असेल तर ते कमी करून चालू ठेवा, एक दिवसाआड, सलग दोन दिवस नको. नाही राहत तर सायकल किंवा पोहणं, दम टिकून राहतो आणि मनही टिकतं.

आणखी एक गोष्ट जी आपल्या घरांत कुणी सांगत नाही. आपण घरात अनवाणी असतो, गार फरशीवर, आणि बाहेर सपाट चपला. दुखणाऱ्या अकिलीसला टाच थोडी उंच लागते. काही आठवडे घरात मऊ, टाचेला जाड असलेली स्लिपर घाला, पळायच्या बुटात पुढच्यापेक्षा टाच ८-१० मिलिमीटर उंच असलेला जोड बरा. दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर उकिडवं बसणं आणि पोटरी जोरात ताणणं दोन्ही टाळा, त्याने तिथे दाब येतो.

टाचा वर-खाली, हाच खरा उपाय

स्वीडनमधल्या उमेओचे हाडांचे सर्जन होकान आल्फ्रेडसन स्वतः पळायचे आणि त्यांचीच अकिलीस दुखत होती. गोष्ट अशी सांगतात की त्यांनी वरिष्ठांकडे ऑपरेशन मागितलं, ते नाही म्हणाले, मग ती तुटलीच तर ऑपरेशन करावंच लागेल म्हणून त्यांनी तिच्यावर मुद्दाम जोर टाकायला सुरुवात केली, आणि ती तुटायच्या ऐवजी बरी होत गेली. १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी खेळाडूंवर हा व्यायाम १२ आठवडे करून प्रसिद्ध केला, पंधराच्या पंधरा जण परत पळायला लागले.

मी केलं ते असं. बिल्डिंगच्या जिन्याच्या पायरीवर पंजे टेकवायचे, टाचा हवेत, एका हाताने कठडा धरायचा. दोन्ही पायांनी वर जायचं, मग चांगला पाय उचलायचा आणि दुखऱ्या पायावर हळूहळू खाली, तीन मोजत, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत. असे १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, १५ चे ३ गुडघा थोडा वाकवून, सकाळ-संध्याकाळ. दिवसाचे १८० होतात. पहिल्या दिवशी १८० करायला जाऊ नका, मी पहिला आठवडा ८ चे २ सेट एवढंच केलं, तेही दोन्ही पायांनी. दुखणं हाडाला चिकटून असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवरच करा.

खूपच दुखत असेल तर सुरुवात स्थिर धरण्यापासून: पंजांवर उभं राहून ४५ सेकंद तसंच, एक मिनिट विश्रांती, असं ५ वेळा. काहींना याने लगेच बरं वाटतं, मला वाटलं.

दिवसातून दोनदा जमत नसेल तर दुसरा मार्ग आहे, आठवड्यातून ३ दिवस जड वजन घेऊन अगदी सावकाश टाचा उचलायच्या. दोन्हींची तुलना झालीय आणि निकाल सारखेच आले. मी आठव्या आठवड्यानंतर याच्यावर आले, पाठीवर सॅक, सॅकमध्ये आधी पाण्याच्या दोन बाटल्या, मग पाच किलोची तांदळाची पिशवी, मग दोन. पहिला फरक मला पाचव्या आठवड्यात दिसला, कॅलेंडरवर ५-५-४-५ च्या जागी ३ यायला लागले. त्याआधी काहीच होत नाहीये असं वाटून सोडून द्यायच्या बेतात होते, तुम्हालाही वाटेल, तेव्हा सोडू नका.

गोळ्या, इंजेक्शन, चोळणं

पळण्याच्या आधी पेनकिलर घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात, त्यात लांब पळताना घाम, उकाडा, पाणी कमी, तो भार आणखी वाढतो. वर दुखणं दबल्यामुळे थांबायची खूणच कळत नाही. मी एका हाफला सकाळी गोळी घेऊन पळाले, मस्त पळाले, आणि पुढचे दहा दिवस लंगडत होते.

अकिलीसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, त्याने ती तुटायचा धोका असतो. आणि एक फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकनी कंडरा दुखावू शकते, तुटूही शकते. आपल्याकडे जुलाब झाले की मेडिकलमधून सर्रास आणून घेतात. डॉक्टरांनी दिलं असेल तर मनाने बंद करू नका, पण मी पळते आणि टाच दुखतेय हे त्यांना सांगा, दुसरं औषध चालत असेल तर ते देतील.

मालिश पोटरीला चालते. पण कंडरेवरच अंगठा दाबून चोळणारे असतात, एका ओळखीच्यांकडे मीही गेले होते, "गाठ फोडतो" म्हणाले, आणि चार दिवस पाय टेकवत नव्हता. ती गाठ म्हणजे जाड झालेली कंडरा असते, फोडायची वस्तू नाही.

परत पळायला कधी

सलग आठवडाभर सकाळचा आकडा २ च्या आत, अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी वाढत नाही, आणि एका पायावर २० टाचा उचलता येतात, दोन्ही पायांना जवळपास सारख्याच जमतात. एवढं झालं की सुरुवात: १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला, असं ८ वेळा, एक दिवसाआड. हळूहळू पळण्याची मिनिटं वाढवा. सलग ३० मिनिटं जमली की मग अंतर, अंतरानंतर चढ, सगळ्यात शेवटी वेग. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, अंतर आणि टेकडी एकाच आठवड्यात नको.

आणि भरलेल्या स्पर्धेचं काय? हे कठीण आहे मला माहितेय, फी भरलेली असते, टी-शर्ट आलेला असतो, ऑफिसात सगळ्यांना सांगितलेलं असतं. मी त्या वर्षी साताऱ्याला गेले पण पळाले नाही, पाण्याच्या स्टॉलवर उभी राहून ग्रुपातल्यांना ग्लास दिले आणि परत येताना गाडीत थोडी रडलेही. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी ठरलेल्या अंतराच्या निम्मं ३ च्या आत राहून पळता येत नसेल तर त्या वर्षी सोडा. पुढच्या वर्षी मी तो घाट चढून उतरले, सोमवारी दोन्ही मांड्या सारख्याच दुखत होत्या, आणि कॅलेंडरवर टाचेचा आकडा १ होता.

टाचा अजूनही उचलते, आठवड्यातून दोनदा, दूध तापत ठेवलं की ओट्याला धरून. दोन्ही पायांनी, कारण दुसऱ्या पायाची पाळी यायची वाट कशाला बघायची.